झॉम्बी आले तर हातात कोणती विजेरी?

मे २०११मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेनं, झॉम्बींचा हल्ला झाला तर घरात काय भरून ठेवावं याचा एक लेख चेहरा गंभीर ठेवून प्रसिद्ध केला. वाचणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की सर्व्हरच बसला. लिहिणाऱ्या डॉ. अली खान यांचा हिशेब सोपा होता: झॉम्बींसाठी ज्याची तयारी झाली, त्याची चक्रीवादळासाठी, भूकंपासाठी आणि साथीसाठीही झालेलीच असते. २०२२मध्ये ‘झोंबिवली’ चित्रपटानं ही मंडळी थेट डोंबिवलीत आणून सोडली, त्यामुळे विषय परकाही राहिलेला नाही. पाणी, धान्य, औषधं यांची यादी कोणीही करून देईल. आपण इथे फक्त विजेरी निवडू या.

दुकानात जाण्याआधी संकटाचं स्वरूप समजून घेऊ. झॉम्बी आले की लाइट जाते ती परत येत नाही, आणि सेल विकणारं दुकानही उघडत नाही. घरात जेवढी वीज साठवली असेल तेवढ्यावरच भागवायचं. हे फार अशक्य कोटीतलं नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. झॉम्बींच्या बाबतीत एक भर पडते: आपण कुठे आहोत हे बाहेर कळू द्यायचं नाही. म्हणजे उजेड पुरवून वापरता यायला हवा आणि हवा तेवढा कमीही करता यायला हवा. जाहिराती मात्र विजेरी किती झगझगीत आहे एवढंच सांगतात.

आता कामं मोजा. रात्रीची बहुतेक कामं हातभर अंतरावरची असतात: पाणी ओतणं, जखम बांधणं, जिना उतरणं, औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचणं. काही कामांना दोन्ही हात लागतात. दूरचं पाहायची वेळ, फाटकापाशी किंवा गल्लीच्या टोकाला काय हलतंय ते बघायची वेळ, सगळ्यांत कमी येते. गंमत अशी, की लोक सगळ्यांत जास्त पैसे या तिसऱ्या कामासाठी घालवतात.

म्हणून पहिली खरेदी हेडलॅम्पची, म्हणजे पट्ट्यानं डोक्याला बांधायच्या दिव्याची. तो गिर्यारोहकांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो, आणि मग फळी ठोकताना विजेरी दातांत धरतो. मूल कडेवर घेऊन जिना उतरताना दुसरा हात कठड्याला हवा असतो, विजेरीला नाही. घेताना दिवा खाली झुकवता येतो का, ते पाहा. झुकत नसेल तर ज्याच्याशी बोलाल त्याच्या डोळ्यांत झोत जाईल. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर हेडलॅम्पच घ्यावा, असं माझं मत आहे.

दुसरी वस्तू साधी हातातली विजेरी. तिच्या खोक्यावरचे आकडे वाचायला शिकू.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. मेणबत्तीचा साधारण १२ ल्युमेन असतो, जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बचा ८००च्या आसपास. कँडेला म्हणजे तोच उजेड एका दिशेला किती जोरानं जातो त्याचं माप. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं पण लांब उडतं, तसा हा फरक आहे. जास्त ल्युमेनची पण पसरट झोताची विजेरी अख्खी खोली उजळते आणि तीच अंगणापलीकडे निरुपयोगी ठरते.

झोत किती लांब जातो, हा आकडा कँडेलावरून काढतात. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं: १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर. पण त्या २०० मीटरवर पडणारा उजेड निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेइतकाच, म्हणजे पाव लक्स असतो. तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, ते शेजारचे काका आहेत की आता काका उरलेले नाहीत, हे कळणार नाही. ओळख पटवायची तर खोक्यावरचं अंतर निम्मं धरून चाला.

आपला डोळा इथे आणखी एक घोटाळा करतो. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला ल्युमेन जवळजवळ चौपट लागतात. त्यामुळे ५०० आणि १,००० ल्युमेनमध्ये डोळ्याला फरक थोडा जाणवतो, सेल मात्र निम्म्या वेळात संपतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘किती तास चालते’ या आकड्यात. २००९पासून विजेऱ्या मोजण्याचं एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक आहे आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यानुसार, उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ ‘चालली’ म्हणून मोजला जातो. त्यामुळे १,००० ल्युमेनची विजेरी काही मिनिटांतच गरम होऊन स्वतःला ३००वर आणते, मग तासन्‌तास मंद जळते, तरी खोक्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापता येतात. कुठलंही मानक न पाळणाऱ्यांचं तर विचारायलाच नको. मुठीत मावणाऱ्या विजेरीवर लाख ल्युमेन लिहिलेलं दिसतं.

खरं-खोटं ओळखायला एक ढोबळ गणित पुरतं. चांगला एलईडी एका वॉटमध्ये साधारण १०० ल्युमेन देतो. विजेरीत घालायच्या एका उत्तम लिथियम सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास वीज मावते. म्हणजे १०० ल्युमेन दहा-अकरा तास, १,००० ल्युमेन जेमतेम तासभर. एका सेलवर ‘१,००० ल्युमेन, १० तास’ असं कोणी लिहिलं असेल, तर ते खोकं परत ठेवून द्या. हेच गणित उलटंही वाचा: पाच ल्युमेनवर तोच सेल शंभर तासांहून जास्त पुरेल. पाच ल्युमेन म्हणजे अर्ध्या मेणबत्तीहून कमी, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना घरात वावरायला तेवढे पुरतात. म्हणून माझ्या लेखी विजेरीचा सगळ्यांत मोठा आकडा दुय्यम आहे, मी आधी सगळ्यांत लहान शोधतो. एक ते पाच ल्युमेनची पातळी नसेल तर ती विजेरी झॉम्बींसाठी घेऊ नये.

आता सेल. विजेरी बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा दोष सेलचा असतो.

दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळतात ते बहुतेक कार्बन-झिंकचे. त्यांचं जस्ताचं डबडं हाच त्यांचा ऋण ध्रुव असतो. सेल वीज देत जातो तसतसं ते डबडं आतून झिजतं, शेवटी त्याला भोक पडतं आणि आतला रस विजेरीत झिरपतो. भिंतीवरच्या घड्याळात ठीक, विजेरीत ठेवून विसरायला नाही. अल्कलाइन सेल त्याहून बरेच टिकाऊ, पण तेही गळतात. स्प्रिंगवर पांढरा भुगा धरलेला दिसला तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. कधीकधी विजेरी वाचते. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. मजबूत सेल अशक्त सेलमधून उलटी वीज रेटतो, आणि गळतो तो अशक्त.

पेन्सिल सेलच्याच आकारात, एकदाच वापरायचे लिथियमचे सेल मिळतात. महाग असतात, पण गळण्याची भीती जवळजवळ नाही, वजनाला हलके, आणि १५-२० वर्षं पडून राहिले तरी चालतात. वर्षानुवर्षं पिशवीत पडून राहणाऱ्या विजेरीसाठी हेच घ्यावेत. रोजच्या वापराला पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल, त्यातही वर्षभर ठेवले तरी फारसे न उतरणाऱ्या जातीचे.

ताकदीच्या विजेऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य गोल आकारासाठी. याची क्षमता एमएएचमध्ये, म्हणजे मिलिअँपिअर-तासांत लिहितात. ३,५००च्या फार पुढचा आकडा दिसला की संशय घ्या. ९,९०० लिहिलेला सेल खोटाच. सुटा सेल किल्ल्यांच्या गुच्छासोबत खिशात टाकू नका. दोन टोकं किल्लीनं जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो, आणि तेव्हा झॉम्बींची गरज उरणार नाही. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी यावर पुरते.

मागे दोन पिना असलेली, थेट सॉकेटमध्ये खुपसायची स्वस्त विजेरी घरोघरी असते. अशा अनेक विजेऱ्यांत शिसे-आम्लाची छोटी बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत काही महिने पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर क्षारांचे कडक स्फटिक धरतात आणि मग ती चार्जच घेत नाही. भारनियमनाच्या काळात रोज वापरली जायची तोवर ठीक चालली. आता लाइट क्वचित जाते, म्हणून ऐन वेळी ती मेलेली सापडते.

मग नेमकं काय घ्यावं? मी पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी आणि त्याच सेलवर चालणारा हेडलॅम्प सुचवीन, जरी १८६५० अधिक ताकदवान असला तरी. कारण झॉम्बींचंच. ओसाड पडलेल्या सोसायटीत १८६५० शोधत कुठे फिरणार? पेन्सिल सेल मात्र प्रत्येक घराच्या भिंतीवरच्या घड्याळात टांगलेला असतो. दोन्ही वस्तूंना एकच सेल लागला, की एकीतले काढून दुसरीत घालता येतात, हा फायदा दुकानात उभं असताना सुचत नाही.

अपवाद उसाला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांचा. शेतीपंपाची वीज रात्रीची, बांधावर साप, उसात बिबट्या. त्यांना लांब झोताची जड विजेरी लागते आणि ती रोज चार्ज होते. विजेरी कशी पारखावी हे विचारायचं असेल तर जुन्नर-शिरूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारावं, तो दुकानदारापेक्षा खरं सांगेल.

पुढची पायरी बटणाची. डोळे मिटून विजेरी हातात घ्या आणि लावून पाहा. एका दाबात लागली पाहिजे, शक्यतो मंद पातळीवर. काही विजेऱ्यांत पातळी बदलता बदलता मध्येच लुकलुकणारा झोत लागतो. लपून बसलेलं असताना त्यासारखा शत्रू नाही. बटण इलेक्ट्रॉनिक, म्हणजे हलक्या स्पर्शाचं असेल तर विजेरी बंद असतानाही किंचित वीज खात राहते. अशा बऱ्याच विजेऱ्यांत मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीज तुटते आणि पिशवीत चुकून लागण्याची भीतीही जाते.

पाण्याचं थोडक्यात: आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. आपल्या पावसाला सातच हवं.

जड विजेरीनं झॉम्बीचं डोकं फोडता येईल, असा विचार अनेकांच्या मनात येतो. येऊ द्या, पण घरात वरवंटा असताना एकुलत्या एका दिव्यानं ते काम करू नये.

विजेरी घेतली, आता ती वापरायची रीत. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोतानं ती सगळी कमाई क्षणात जाते. तांबड्या उजेडानं हे नुकसान कमी होतं, म्हणून काही हेडलॅम्पमध्ये तांबडा दिवा असतो. पण तांबड्या उजेडात रक्त दिसत नाही, ते नुसतं ओलं दिसतं. जखम पाहायला अगदी मंद पांढराच लावा.

समोरचे झॉम्बी कोणत्या घराण्यातले, यावरही थोडं अवलंबून आहे. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या चित्रपटातले आगीला बिचकतात. ‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेममधले क्लिकर आंधळे, ते आवाजावर येतात, त्यांच्यापुढे झोताची चिंता नाही, बटणाच्या खटक्याची आहे. जात कळेपर्यंत खिडक्यांना चादरी लावा. एका रात्री घरातल्यांना मंद दिवा लावून आत बसवा, आपण खाली रस्त्यावर जाऊन पाहा. कुठल्या फटीतून उजेड गळतो हे आतून कधीच कळत नाही. खोलीभर मऊ उजेड हवा असेल तर विजेरी उभी करून झोत छताकडे सोडा, किंवा तिच्यावर पाण्यानं भरलेली पांढुरकी बाटली ठेवा.

साठा संपल्यावर काय? हातानं फिरवायच्या चकतीच्या विजेरीवर सगळी भिस्त ठेवू नका. त्यातल्या बहुतेकांच्या आत एक छोटी बॅटरी असते, ती काही वर्षांत मरते, आणि चकतीचा घरघराट गल्लीभर ऐकू जातो. त्यापेक्षा घडीचं छोटं सोलर पॅनल आणि पेन्सिल सेलचा यूएसबी चार्जर बरा. पावसाळ्यात पॅनल फारसं देणार नाही, म्हणून जूनच्या आधी सगळे सेल भरून ठेवा. मोबाइलचा दिवा हिशेबात धरू नका, ती वीज निरोपासाठी राखून ठेवायची.

शेवटी जागा आणि तपासणी. विजेरी एकाच ठिकाणी, बिछान्यातून हात पोचेल अशी, आणि तिच्यावर अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या पट्टीचा तुकडा. दर महिन्याला वीजबिल आलं की घरातल्या सगळ्या विजेऱ्या लावून पाहायच्या, सेल बाहेर काढून टोकं बघायची. हे काम घरातल्या सगळ्यांत लहान मुलाकडे आणि सगळ्यांत थोरल्या माणसाकडे द्या. ज्या विजेरीचं झाकण आजीला उघडता येत नाही, ती बदलून आणा.