फिनेलची बाटली आणि केराचा आठवडा

आमची धाकटी बहीण जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी राहावयास गेली, त्याला आता काही वर्षे झाली. आमचे मेहुणे अभियंता. कंपनीने त्यांना तिकडच्या कामावर पाठविले आणि त्यांच्यामागून बहीणही गेली. पोहोचल्यावर आठ दिवसांनी तिचा फोन आला. "जयभीम दादा. घर चांगलं आहे. थंडी सोसतेय. पण इथं फिनेल मिळत नाही!"

आम्हाला हसू आले. मुलगी सातासमुद्रापार गेली म्हणजे तिला आईच्या हातची भाकरी आठवावी, सुकटीची चटणी आठवावी, असे आम्ही समजत होतो. हिला फिनेल आठवत होते. पुढच्या फोनला यादी वाढली. कपड्यांची वडी, भांड्यांचा काथ्या, पितांबरी, नीळ, खराटा. "दादा, घर पुसते, पण पुसल्यासारखं वाटत नाही," असे ती म्हणाली तेव्हा मात्र आमचे हसू थांबले.

आपल्या समाजातील मुले-मुली आज नोकरीसाठी, शिष्यवृत्ती मिळवून उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. त्यांच्या सामानाची तयारी करताना आपण लोणची, मसाले, लोकरीचे कपडे बांधतो. घर साफ कसे ठेवायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

दुकान भरलेले, ओळखीचे काही नाही

तिकडे साबण, सफाईची द्रव्ये वगैरे 'ड्रोगेरी' नावाच्या दुकानात मिळतात. नावावरून बहिणीला ते औषधांचे दुकान वाटले. औषधांसाठी 'आपोटेके' हे वेगळे दुकान असते. ड्रोगेरीत बाटल्यांच्या भिंतीच उभ्या. काचेसाठी एक, ओव्हनसाठी दुसरी, न्हाणीघरासाठी तिसरी, नळावरच्या पांढऱ्या थरासाठी चौथी. नावे सगळी जर्मन. जे नाव ओळखीचे वाटावे त्याचाही भरवसा नाही. 'पर्सिल' हा कपडे धुण्याचा साबण १९०७ साली जर्मनीत हेंकेल कंपनीने काढला. परंतु इंग्लंडात त्याच नावाचा साबण युनिलिव्हर ही दुसरीच कंपनी विकते. म्हणजे नाव एक, माल वेगळा.

दुसरी अडचण घराच्या बांधणीची. आपल्याकडे न्हाणीघरात मोरी असते. बादलीभर पाणी ओतले, खराट्याने घासले, पाणी मोरीतून गेले, काम झाले. तिकडच्या बहुतेक घरांत न्हाणीघराच्या फरशीला मोरीच नसते. पाणी ओतले तर ते खालच्या शेजाऱ्याच्या छताला उतरायचे. खोल्यांची जमीन लाकडी. आपली सफाई धुण्याची, त्यांची पुसण्याची. मोरीच नाही म्हटल्यावर फिनेल आणि खराटा घेऊन करायचे काय?

तिसरी तऱ्हा फेसाची. बहिणीने तिकडची पावडर बादलीत घालून कपडे भिजविले, तर फेसच येईना. साबण भेसळीचा आहे असे तिला वाटले. खरे कारण निराळे. ती पावडर यंत्रासाठी केलेली असते. यंत्रात जास्त फेस झाला तर धुणे नीट होत नाही, म्हणून फेस दाबणारे द्रव्य तीत मुद्दाम घातलेले असते. आपल्याकडे १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली निरमा आला तो हाताने, बादलीत कपडे धुणाऱ्या घरांत. फेस म्हणजेच स्वच्छता, असे आपले डोळे तेव्हापासून समजत आले.

जिवावर बेतले असते

एकदा संडासाच्या भांड्यातला थर निघेना म्हणून बहिणीने त्यात आधी एक क्लोरीनयुक्त द्रव्य ओतले आणि ते धुऊन न काढताच वरून आम्लाचे दुसरे ओतले. दोन औषधांनी दुप्पट गुण येईल, असा हिशेब. क्षणात डोळे झोंबू लागले, खोकल्याची उबळ आली. सुदैवाने तिला दाराबाहेर पळण्याचे सुचले. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो विषारी असतो. ब्लीच आणि अमोनिया यांचेही तसेच. बाटलीवर इशारा छापलेला होता, पण तो जर्मन भाषेत.

भगिनींनो, हे इथेही तितकेच लागू आहे. आपल्या घरांतही अॅसिड आणि ब्लीच एकाच फळीवर उभे असते. दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नका. झालेच तर खोलीबाहेर पडा, मोकळ्या हवेत जा आणि त्रास होत असल्यास मदत मागा. युरोपात आणि आपल्या देशातही तातडीचा क्रमांक ११२ हाच आहे.

नाव नव्हे, गुण शोधा

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही आईला घेऊन बहिणीकडे गेलो. बॅगेत वड्या, काथ्या आणि पितांबरीची पाकिटे होती. फिनेल नेले नाही. अॅसिड, ब्लीच यांसारखे दाहक पदार्थ तर विमानात चालतच नाहीत. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, कारकुनीत जन्म गेलेला. वही काढली आणि रकाने आखले. एका बाजूला आपल्या वस्तूचे नाव आणि तिचे काम, दुसऱ्या बाजूला ते काम करणारी तिकडची वस्तू. बहिणीला सोबत घेऊन दोन दिवस दुकाने पालथी घातली आणि वही भरली.

कपड्यांच्या वडीच्या जागी 'केर्नझाइफे' हा साधा साबण. हट्टी डागांना 'गालझाइफे'. त्यात बैलाचे पित्त असते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावे. हाताने दोन कपडे धुवायचे तर 'राय' नावाची नळीतली पेस्ट. पांढऱ्या कपड्यांना 'फोलवाशमिटेल' पावडर घेतली की नीळ लागत नाही. रंगीत कपड्यांसाठी मात्र 'कलर' लिहिलेलीच घ्यावी. धुण्याचा सोडा म्हणजे 'वाशझोडा', खाण्याचा सोडा म्हणजे 'नाट्रोन'. नळावरचा आणि किटलीतला थर हा जड पाण्यातल्या चुन्याचा. त्याला लिंबाचे सत्त्व, म्हणजे 'झिट्रोनेनझॉयरे', पुरते. व्हिनेगरचा अर्क मिळतो, पण तो २५ टक्के तीव्रतेचा असतो. पाणी घालूनच वापरावा. जमिनीसाठी बादलीत झाकणभर 'आल्त्स्वेकराइनिगर', म्हणजे सर्व कामांचा साबण. बहिणीच्या घरी पितळेची लहान बुद्धमूर्ती आहे. पितांबरी संपल्यावर ती लिंबू आणि मिठाने उजळली. काथ्या श्रीलंकेच्या तमिळ बांधवांच्या किराणा दुकानात सापडला.

साबणाच्या खोक्यावर मऊ, मध्यम आणि जड पाण्यासाठी वेगवेगळी मापे छापलेली असतात. आपल्या भागाचे पाणी कोणते, हे एकदा विचारून ठेवले की साबणही वाचतो, पैसेही वाचतात.

वहीत एकच रकाना कोरा राहिला. फिनेलच्या वासाचा.

आई काय म्हणाली

त्या संध्याकाळी बहीण आईला म्हणाली, "आई, तू ड्यूटीवरून आलीस की तुझ्या पदराला फिनेलचा वास यायचा. तो आला की मी अभ्यास सोडून दाराकडे पळायची. इथं घर पुसलं की तोच वास शोधते मी."

आमच्या आईने एका मोठ्या रुग्णालयात तीस वर्षे सफाईचे काम केले. त्या पगारावर आम्ही बी. कॉम. झालो, बहीण पदवीधर झाली. आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी, तुला त्या वासाची आठवण येते. मी तो जावा म्हणून दगडानं हात घासायची. जेवताना घासाला यायचा. हातमोजे मागितले तर हसायचे. तुझ्या घरात तो वास नाही, हेच मला बरं वाटलं."

आम्ही दोघे भावंडे गप्प झालो. त्या हातांच्या भेगा आम्ही रोज पाहिल्या होत्या, पण त्यांच्याविषयी कधी विचारले नव्हते. ज्या वासाला आम्ही आपल्या घरचा समजत होतो तो मूळचा घरचाही नव्हे. डांबरी तेलांचे अशा प्रकारचे जंतुनाशक इंग्लंडात जॉन जेज यांनी १८७७ साली पेटंट केले. आपल्याकडे आल्यावर ते ठरावीक लोकांच्याच हातांना चिकटून राहिले.

केराचा आठवडा

शनिवारी सकाळी जिन्यात एक बाई फरशी पुसत होत्या. आईने विचारले, "ही इथली कामवाली का गं?" बहीण म्हणाली, "नाही आई, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांचा आठवडा आहे."

या भागात जुनी रीत आहे. तिला 'केरवोखे' म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. पंधराव्या शतकापासून तिचा धागा सांगितला जातो. आता ती भाडेकरारात आणि इमारतीच्या नियमांत असते. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी लटकते. जिना, अंगण त्याने झाडायचे आणि मग पाटी शेजाऱ्याच्या दारावर लावायची. डॉक्टर असो, गवंडी असो, पाटी कोणालाच चुकत नाही. 'केर' हा शब्द ऐकून आईला गंमत वाटली. "आपलाच शब्द की!" असे ती म्हणाली. अर्थात हा योगायोगच. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. या भगिनीकडून एवढी पाटी उसनी घ्यावी, असे आम्हाला वाटले.

तिकडे सगळे समान आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कार्यालये आणि रुग्णालये झाडणाऱ्यांत बाहेरदेशांतून आलेले लोक मोठ्या संख्येने दिसतात. तरी त्या जिन्यापुरते का होईना, केर हा सगळ्यांचा असतो.

आता आमच्याविषयी. श्रमप्रतिष्ठेवर आम्ही जयंतीच्या व्यासपीठांवरून पुष्कळ भाषणे दिली. घरातला संडास मात्र कधी धुतला नव्हता. आधी आईने धुतला, नंतर पत्नीने. परत आल्यावर एका पुठ्ठ्याची पाटी केली आणि ती घरातल्या प्रत्येकाच्या नावे फिरू लागली. पहिला आठवडा आमचा होता. बाटली उघडताच तोच वास आला.

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी हातमोजे घाल."