वॅक्स की नो-वॅक्स?

ऑस्लोतला पहिला हिवाळा, उसन्या स्की आणि शून्याच्या आसपास रेंगाळणारा पारा. क्रॉस-कंट्री स्की निवडताना झालेली ही गंमत... आणि थोडी फजितीसुद्धा!

‘‘या वीकेंडला काय?’’

‘‘काही खास नाही. शनिवारी सकाळी वॅक्सिंग, मग दिवसभर बाहेर.’’

ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हा डायलॉग कानावर पडला आणि मला ठसकाच लागला. कारण बोलणारा होता आमचा टीम लीड. सहा फूट उंच, भरघोस दाढी, दोन मुलांचा बाप. वॅक्सिंग म्हणजे पार्लर, एवढंच ठाऊक असलेली मी पुण्याची मुलगी. हा वॅक्सिंग करणार? आणि तेही असं सगळ्यांना सांगून?

प्रोजेक्टसाठी दोन वर्षं ऑस्लोत राहायचं म्हणून मी नोव्हेंबरात इथे आले. महिन्याभरात एक गोष्ट कळून चुकली. शुक्रवारी चारनंतर ऑफिस रिकामं होतं आणि शनिवारी शहर. माणसं जातात कुठे? तर जंगलात! शहराला लागूनच नूरमार्का नावाचं अफाट जंगल आहे. मेट्रोच्या एक नंबर लाइनने फ्रोग्नरसेतेरेन या शेवटच्या स्टेशनला जायचं, पायांत स्की अडकवायच्या आणि सुटायचं. पावसाळ्यात आपण बसमध्ये छत्री घेऊन चढतो ना, तितक्या सहजपणे ही मंडळी मेट्रोत स्की घेऊन चढतात. नॉर्वेजियन माणूस पायांत स्की घालूनच जन्माला येतो, अशी इथे म्हणच आहे.

आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी एकच विषय. बर्फ कसा होता? शनिवार-रविवार एकटीने मालिका बघत काढलेली मी त्यात काय बोलणार? तेव्हा माझ्यासाठी स्कीइंग हा छंदाचा प्रश्न नव्हताच. चार माणसांत आपली जागा असणार की नाही, असा तो साधा प्रश्न होता. त्यात टीम लीडने जाहीर केलं, ईस्टरला सगळी टीम गाइलोजवळच्या त्याच्या केबिनमध्ये. चार दिवस. अर्थात स्कीवर!

कमानीचा फंडा

माझी घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मी मनातल्या मनात तिला आजीच म्हणते. तिने तळघरातून स्वतःच्या जुन्या स्की काढून दिल्या आणि किचन टेबलावर माझा पहिला क्लास झाला.

स्की कधीही सपाट नसते. ती धनुष्यासारखी मधोमध उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना मधला भाग बर्फाला नीट टेकत नाही, पुढचा-मागचा भाग छान सरकतो. एका पायावर सगळं वजन टाकून दाबलं, की मधला भाग टेकतो. त्या क्षणी तिथे पकड मिळाली पाहिजे, म्हणजे मागे न घसरता पुढे झेपावता येतं. थोडक्यात, एकाच फळीने सरकायचंही आणि धरायचंही. क्रॉस-कंट्री स्कीइंगची सगळी मारामारी या दोन इच्छांची आहे.

पारंपरिक उपाय म्हणजे वॅक्स. पायाखालच्या भागावर मेण घासायचं. बर्फाच्या कणांची टोकं त्यात रुततात आणि पकड मिळते. पण मेण बर्फापेक्षा फार कडक असलं, तर टोकं रुतत नाहीत, पाय मागे घसरतो. फार मऊ असलं, तर कण रुतून बसतात ते सुटतच नाहीत. म्हणून तापमानाप्रमाणे मेण बदलायचं. कडाक्याच्या थंडीला हिरवं, त्याहून कमी थंडीला निळं, शून्याजवळ जांभळं, त्याच्याही वर लाल. १९४६ साली सुरू झालेल्या स्विक्स कंपनीच्या रंगीत डब्या इथे घराघरांत असतात, आपल्याकडे मसाल्याचा डबा असतो तशा!

आजीने खिडकीबाहेरचं थर्मामीटर बघितलं. उणे सहा. निळं मेण पातळ घासलं, बुचाने चोळून सपाट केलं, असे चार-पाच थर दिले. त्या रविवारी मी पहिल्यांदा जंगलात गेले. काय सांगू! पाय दाबला की पकड, सोडला की सुळ्ळकन पुढे. आवाज नाही, धक्का नाही. दहा वेळा पडले, पण प्रेमातच पडले. म्हटलं, यात कठीण ते काय?

चढावर हाय हील्स!

कठीण काय ते फेब्रुवारीत कळलं. ईस्टरची रंगीत तालीम म्हणून टीमने सोन्सवान तळ्यापासून उलेव्होल्सेतेरपर्यंत जायचं ठरवलं. तिथे जंगलात एक मस्त कॅफे आहे. वॉफल्स खायचे आणि परत.

तळ्यापाशी पारा अधिक एक. आदल्या महिन्यातल्या अनुभवाने शहाणी झालेली मी निळं मेण लावून तयार! पहिल्याच चढाला पाय मागे. एक पाऊल पुढे, दीड मागे. बर्फ ओला होता, कणांची टोकं वितळून गोल झालेली. कडक निळ्या मेणात रुतणार काय? टीममधल्या एकीने खिशातून लाल मेण काढून दिलं. ते फासलं आणि चक्क चालायला लागले. बाकीचे तोवर दिसेनासे झालेले.

मग रस्ता वर चढत गेला. उंचीबरोबर गारवा वाढला, सावलीत कोरडा ताजा बर्फ होता. आणि माझ्या स्की अचानक थांबल्या. बघते तर पायाखाली बर्फाचे गोळे! मऊ लाल मेणाला थंड बर्फ चिकटून प्रत्येक स्कीला दोन इंची टाच आली होती. हाय हील्स घालून सिंहगड चढायला सांगितल्यासारखं. सरकणं बंद. खरवडायचं, चार पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं...

मी पोहोचले तेव्हा वॉफल्स संपून अर्धा तास झाला होता. सगळे माझ्यासाठी थांबलेले. कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. उतरताना अंधार पडला. वाटेवर दिवे असतात म्हणून निभावलं. पण डोक्यात एकच चक्र. इथे दिवे आहेत, कॅफे आहे, तळाशी मेट्रो आहे. ईस्टरला डोंगरात यातलं काय असणार? चार दिवस आठ जणांनी माझ्यासाठी थांबायचं?

सोमवारी मी टीम लीडला सांगून टाकलं, ‘‘ईस्टरला माझ्याकडे पाहुणे येणार आहेत, जमणार नाही.’’ साफ खोटं.

आजीचा सल्ला

घरी येऊन आजीपुढे रडगाणं गायले. तिने आधी सोचीची गोष्ट काढली. २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेचा महिला रिले संघ पाचवा आला, पुरुषांचा चौथा. दोन्ही सुवर्णपदकं शेजारच्या स्वीडनला! वॅक्सवाल्यांची फौज दिमतीला असूनही खापर फुटलं ते स्कीच्या तयारीवरच. ‘‘शून्याच्या आसपास भलेभले चुकतात गं,’’ आजी म्हणाली, ‘‘तू तर दोन महिन्यांची स्कीअर.’’

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. शून्याच्या खाली चार-पाच अंश स्थिर थंडी असेल तर वॅक्सला तोड नाही. खरी गोची होते ती बर्फ बदलतो तेव्हा. सकाळी एक, दुपारी दुसरा. खाली एक, वर तिसरा. आणि ईस्टरच्या डोंगरात नेमकं हेच होतं. दिवसा उन्हाने वितळलेला बर्फ रात्री गोठून काचेसारखा होतो. त्यावर साधं मेण टिकत नाही. तिथे लागतं क्लिस्टर. म्हणजे ट्यूबमधला चिकट द्राव. फणसाचा चीक आठवा! हाताला, कपड्यांना, बॅगेला, सगळीकडे लागतो आणि नुसत्या पाण्याने जात नाही.

‘‘मग बिनवॅक्सच्या घेऊ?’’ मी विचारलं. माझ्या मनात तो पराभव होता. टीममध्ये अशा स्कींना लहान मुलांच्या सायकलची साइड-व्हील्स म्हणत.

‘‘तुला तिथे जायचंय, की वॅक्स लावता येतं हे दाखवायचंय?’’ आजीने विचारलं.

झालं. विषय संपला.

खवले की केस?

बिनवॅक्सच्या स्कीतही प्रकार आहेत. एक खवल्यांचा. पायाखालच्या भागात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कोरलेली असते. १९७० च्या दशकापासून या प्रचारात आहेत. ओल्या, बदलत्या बर्फात छान चालतात, देखभाल कमी. पण कडक बर्फावर पकड सुटते आणि वेगात चालताना घूंऽऽ असा आवाज येतो.

दुसरा प्रकार स्किनचा. हा गेल्या दहा-बारा वर्षांत फोफावला. पायाखाली मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची पट्टी. केस मागच्या दिशेला झुकलेले. मांजरीच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर अडतो ना? तसंच. पुढे सरकते, मागे धरते. कल्पना मात्र नवी नाही. पूर्वी स्कीखाली सीलचं कातडं लावत.

दुकानात गेले तर विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, वजन किती? मी सवयीने चार किलो कमी सांगितलं आणि जीभ चावली. इथे खोटं बोलून चालत नाही! कमान तुमच्या वजनाला फार ताठ असेल तर मधला भाग बर्फाला टेकणारच नाही, मग पट्टी असो वा मेण, पकड शून्य. फार मऊ असेल तर पट्टी सतत घासत राहणार. त्याने सपाट फरशीवर स्कीवर उभं केलं आणि पायाखाली कागद सरकवला. दोन्ही पायांवर वजन असताना कागद हलला पाहिजे, एका पायावर सगळं वजन टाकलं की अडकला पाहिजे. एवढी साधी परीक्षा. आजीच्या स्कीवर हीच करून पाहिली असती तर!

स्किनवाल्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी टीम लीडला गाठून पाहुण्यांचं खरं काय ते सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘तुझा पलंग ठेवलाच होता.’’

ईस्टरचा निकाल

पहिल्या सकाळी काचेसारखा बर्फ. टीम लीडच्या क्लिस्टरला जबरदस्त पकड. माझी पट्टी घसरत होती. चढावर मी बदकासारखी पावलं फाकवून चढले. दुपारी वारा फिरला आणि कोरडा ताजा बर्फ पडू लागला. आता क्लिस्टरवाल्यांना टाचा आल्या! सहा फुटी टीम लीड खाली बसून खरवडतोय आणि मी शेजारून सरकत जातेय, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. थांबले मी, अर्थातच. खरवडणी माझ्याच खिशात होती.

दुसऱ्या दिवशी उणे सात. सगळे निळं मेण लावून भुर्रकन पुढे, मी दहा मिनिटं मागे. पण पोहोचले, स्वतःच्या पायांनी, आणि कॉफी गरम होती. तिसऱ्या दिवशी धुकं आलं, तेव्हा वॅक्सवाले, नो-वॅक्सवाले सगळेच अर्ध्यातून परतलो. वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही, असा इथल्या डोंगर-नियमांत चक्क एक नियमच आहे. मला वाटतं, तो स्की निवडतानाही लागू पडतो.

तुम्ही काय घ्याल?

* कधीमधी जाणार, बर्फ कसा मिळेल सांगता येत नाही? स्किन किंवा खवले. डोक्याला ताप नाही.
* दर आठवड्याला जाणार, थंडी पक्की? वॅक्सच. तो वेग आणि ती शांतता दुसऱ्या कशात नाही.
* बर्फ मुठीत दाबून बघा. भुगा झाला तर थंड, लाडू वळला तर शून्याजवळ, पाणी सुटलं तर ओला.
* शंका असेल तर कडक मेणापासून सुरुवात करा. कडकवर मऊ बसतं, मऊवर कडक बसत नाही. शाळेतल्या बाईंचं धोरण!
* ‘नो-वॅक्स’ म्हणजे ‘नो-काळजी’ नव्हे. पट्टी साफ ठेवा, तिला स्किनचा स्प्रे द्या, नाहीतर तीही गोळे धरते. पुढच्या-मागच्या भागाला सरकण्याचं वॅक्स लागतंच.

आता माझ्याकडे दोन्ही आहेत. स्वतःच्या स्किनवाल्या आणि आजीच्या जुन्या वॅक्सवाल्या. सकाळी उठून आधी खिडकीबाहेरचं थर्मामीटर बघते. उणे पाच दिसलं की हळूच निळी डबी काढते.

परवा आईचा फोन आला. ‘‘काय करतेयस गं?’’

‘‘वॅक्सिंग.’’

‘‘अगं बाई! एवढ्या थंडीत? आणि फुल पँटच घालायची असते ना तिकडे, बघतंय कोण?’’