ई-बाईकला जागा द्या, जिना मोकळा ठेवा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांचे रूप बदलले आहे. मुंब्रा-कौसा असो, मीरा रोड असो की पुण्याचा कोंढवा, इमारतीखाली लावलेल्या दुचाक्यांत विजेवर चालणाऱ्या दोन-चार गाड्या आता हमखास दिसतात. पेट्रोलचा खर्च वाचतो, कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींची सोय होते आणि घरोघर जेवण वा पार्सल पोहोचवणाऱ्या कितीतरी तरुणांची रोजी या गाडीवर चालते. गाडी उपयोगी आहे, यात वाद नाही. रात्री ती कुठे उभी राहते आणि कुठे चार्ज होते, हा खरा प्रश्न आहे.

अनेक सोसायट्या त्याचे उत्तर एका ओळीत देतात : ‘आवारात चार्जिंगला बंदी.’ पण बंदीमुळे गाडी चालायची थांबत नाही. बॅटरी काढून पिशवीत घातली जाते आणि चौथ्या मजल्यावर, झोपलेल्या मुलांच्या उशाशी, प्लगला लागते. जिची बॅटरी निघत नाही, ती गाडी जिन्याखाली मीटरच्या पेटीला खेटून उभी राहते आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली जाते. ज्या धोक्याला घाबरून बंदी घातली, तोच धोका आपण अधिक वाईट जागी ढकलला.

आगीपेक्षा धूर आधी पोहोचतो

या गाड्यांच्या लिथियम बॅटरीत अनेक छोटे सेल एकत्र बांधलेले असतात. जोराचा धक्का बसला, आत पाणी शिरले, चुकीचा चार्जर लावला किंवा सेलमध्ये मुळातच दोष असला, तर एखादा सेल आपोआप तापत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. मग काही सेकंदांत दाट, विषारी धूर निघतो. ज्वाळा विझल्यासारख्या वाटल्या, तरी काही तासांनी बॅटरी पुन्हा पेटू शकते.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नाही. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. त्याच महिन्यात, 12 तारखेला, सिकंदराबादमध्ये ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली. वरच्या मजल्यांवर लॉज होते. धूर वर चढला आणि आठ माणसे दगावली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या गोरेगावात एका पाच मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमधील वाहने पहाटेच्या सुमारास पेटली आणि किमान सात जणांचा मृत्यू झाला. गोरेगावची आग ई-बाईकमुळे लागली, असे आम्ही म्हणत नाही. पण खाली पेटले की धूर वर चढतो आणि लोकांची उतरण्याची वाटच बंद होते, हे त्यातून दिसले.

म्हणून जिना, जिन्याखालची जागा, मीटर रूम, लिफ्टसमोरचा पॅसेज आणि उंच इमारतीतला रेफ्युज एरिया इथे कोणतीही गाडी उभी करू नये. ती जागा ना चेअरमनची, ना गाडीवाल्याची. रात्री दोन वाजता आजारी अब्बांना खाली उतरवणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याचा तिच्यावर हक्क आहे.

कायदा काय सांगतो?

मोटारीची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असलेली, मान्यताप्राप्त चाचणी झालेली गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. तिला नंबर लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. म्हणूनच आठवी-नववीतली मुले ती आवारात फिरवताना दिसतात. पण अशा गाडीला विम्याचीही सक्ती नाही. तिच्या धडकेत एखाद्या वृद्ध खालाजानचे हाड मोडले, तर उपचाराचा खर्च कोण देणार, हे आधीच ठरलेले बरे.

काही गॅरेजवाले अशा गाडीची वेगमर्यादा काढून देतात. मग तिला सवलत उरत नाही. नोंदणी, विमा आणि लायसन्स, सारे लागते. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या हातात चावी देण्यापूर्वी घरच्यांनी हे लक्षात ठेवावे.

चार्जिंगबाबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना घरी किंवा कार्यालयात खासगी चार्जिंगची मुभा देतात. म्हणजे सोसायटीने ‘नाही’ म्हणून विषय संपवण्याऐवजी ‘कुठे आणि कसे’ हे ठरवणे शहाणपणाचे आहे.

सभेत मांडण्याजोगे सात मुद्दे

1. चार्जिंगची जागा एकच असावी. ती शक्यतो उघड्यावर, छपराखाली, जिना आणि गेटपासून दूर असावी. आसपास गॅस सिलिंडर, भंगार, पुठ्ठे ठेवू नयेत.

2. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन, 16 अँपियरचे सॉकेट, एमसीबी, गळतीरोधक स्विच आणि अर्थिंग करून घ्यावे. एक्स्टेंशन बोर्डला मनाई असावी.

3. सबमीटर बसवावा. ‘आमच्या बिलावर तुमची गाडी’ हे भांडण त्यानेच मिटते. 2 किलोवॉट-तासाची बॅटरी पूर्ण भरायला साधारण सव्वादोन ते अडीच युनिट लागतात. युनिटला 10 रुपये धरले, तरी फार तर 25 रुपये.

4. चार्जिंगची वेळ ठरवावी, उदाहरणार्थ सकाळी सात ते रात्री अकरा. सारे झोपेत असताना चार्जिंग सुरू नसावे.

5. आवारात वेग चालण्याइतकाच ठेवावा. ही गाडी आवाज करत नाही, त्यामुळे खेळणाऱ्या मुलांना आणि फजरला निघालेल्या वडीलधाऱ्यांना ती मागून आलेली कळत नाही. सोळा वर्षांखालील मुलांनी आवारात ती चालवू नये, असा ठराव करावा.

6. गाडीचा मालक, फ्लॅट नंबर आणि फोन यांची नोंद वॉचमनकडे असावी.

7. अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीच्या वेळी चार्जिंगची जागाही दाखवून सल्ला घ्यावा.

भाडेकरूंचा विसर पडू नये. डिलिव्हरीचे काम करणारे तरुण बहुधा भाड्याने राहतात आणि सभेत त्यांना मत नसते. त्यांना न विचारता केलेला नियम कागदावरच राहतो. सभेपूर्वी कमिटीने त्यांच्याशी बोलून घ्यावे. रात्री बारानंतर परतणाऱ्याने गाडी केव्हा चार्ज करावी, याची सोय त्याच बोलण्यातून निघेल.

गाडी घेताना आणि वापरताना

बॅटरी सुरक्षेचे कडक निकष (एआयएस-156) दोन टप्प्यांत, 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 पासून, लागू झाले. जुनी गाडी घेताना ती कधी बनली हे जरूर पाहावे. स्वस्तात मिळते म्हणून गल्लीत जोडलेली बॅटरी किंवा दुसऱ्याच कंपनीचा चार्जर घेऊ नये. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, थोडी थंड होऊ द्यावी. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय प्लगला लावू नये.

घरातच चार्ज करावे लागत असेल, तर बॅटरी फरशीवर ठेवावी. गादी, सोफा, पडदा आणि दरवाजा यांपासून ती दूर असावी. घरात कोणी जागे असतानाच चार्ज करावी. बॅटरी फुगली, वेगळाच वास आला किंवा फुसफुस आवाज येऊ लागला, तर ती उचलायला जाऊ नये. सर्वांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे, शेजाऱ्यांना हाका माराव्यात, लिफ्ट न वापरता जिन्याने उतरावे आणि 101 किंवा 112 वर फोन करावा. सामान काढायला परत जाऊ नये.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेण्यासाठी सेक्रेटरींना आजच लेखी पत्र द्या. तोवर आज रात्री एकदा खाली उतरून जिन्याखाली काय उभे आहे, तेवढे पाहून या.