परतवाड्याची छावणी आणि हजेरीपटाबाहेरचा रोजगार

‘अचलपूर कॅम्प’ हे नाव परतवाड्याला आजही चिकटून आहे. ज्या लष्करी छावणीमुळे ते पडले, ती मात्र केव्हाच मोडली. 1853 च्या तहान्वये निजामाने हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. या फौजेचे एक ठाणे परतवाड्यास होते.

छावणी म्हणजे केवळ शिपाई नव्हेत. धान्य, वैरण, सरपण यांची कोठारे सतत भरती ठेवावी लागत. त्यांवर गाडीवान, हमाल, गवतकापे पोट भरीत. शिवाय धोबी, शिंपी, नालबंद. शिपाई हजेरीपटावर असतो, म्हणून त्याची बदली होते. हमालाचे नाव कोणत्याच पटावर नसते. त्यामुळे कोठार बंद झाल्यावर बुडालेला रोजगार कागदावर प्रत्यक्षाहून पुष्कळच लहान दिसतो.

1903 मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हाही अमरावतीत सामील झाला. म्हणजे फौज गेली आणि जिल्ह्याची कचेरीही गेली. पुढे परतवाडा तगला तो मेळघाटच्या इमारती लाकडावर. गाडीवानाला लाकडाच्या वखारीत काम मिळू शकते. गणवेश शिवणाऱ्या शिंप्याला नाही.

31 मार्च 2021 रोजी देशातील लष्करी दुग्धशाळा बंद झाल्या, तेव्हा कायम कर्मचाऱ्यांना संरक्षण खात्यातच अन्यत्र सामावून घेण्याचे धोरण होते. ते योग्यच, परंतु रोजंदारीचे मजूर आणि लहान पुरवठादार अशा समायोजनात बसत नाहीत. त्यांची नोंद गावपातळीवर ग्रामपंचायतच करू शकते, आणि तीही ठाणे हलण्यापूर्वी. नंतर माणसे पांगतात.