अपडेट फसलं? मागे फिरा!

‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’ अशी सूचना स्क्रीनवर आली की पोटात गोळा येतो. वसईकरांच्या जरा जास्तच, कारण लाईट जाणं म्हणजे काय ते आपण पुरेपूर अनुभवलंय. जुलै 2018 च्या पुरात लोकल बंद पडल्या, वस्त्यांत पाणी शिरलं आणि अनेक भाग अंधारात गेले. वसईच्या एव्हरशाईन सिटीत घरोघरी लॅपटॉप आणि हातोहाती मोबाईल आहेत, तेव्हा अपडेट मध्येच अडकलं तर काय, हा प्रश्न इथे कुणालाही पडू शकतो. त्याचं उत्तर फार सुंदर आहे: जुनी सिस्टीम मोडायचीच नाही. नवी तिच्या शेजारी उभी करायची आणि ती नीट चालली तरच जुनीला निरोप द्यायचा. अशी सुरू होण्याजोगी प्रत्येक अख्खी सिस्टीम म्हणजे एक ‘बूट एन्व्हायर्नमेंट’.

फोनच्या पोटात दोन फोन

2016 मध्ये अँड्रॉईड 7 आलं आणि गुगलच्या पहिल्या पिक्सेल फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन कप्पे दिसले, ‘ए’ आणि ‘बी’. तुम्ही ‘ए’वर रील बघत असता तेव्हा नवं अपडेट मागच्या मागे ‘बी’मध्ये उतरत असतं. पुनर्विकासात नवं घर तयार होईपर्यंत जुन्यातच राहू दिलं तर कसं, तसंच हे. रिस्टार्ट केलं की फोन ‘बी’वर उठतो. तिथे उठता आलं नाही, तर काही प्रयत्नांनंतर स्वतःच ‘ए’वर परततो, कुणाला काही विचारतही नाही! बॅटरी मध्येच संपली तरी चालू कप्प्याला धक्का लागत नाही. ही कल्पना त्याआधीच क्रोमबुकमध्ये राबवली गेली होती. सॅमसंगने मात्र बराच वेळ घेतला. तिच्या गॅलेक्सी फोनमध्ये ही सोय 2024 च्या ए-55 पासून यायला लागली.

दोन कप्पे म्हणजे जागा दुप्पट? सुरुवातीला बऱ्यापैकी तसंच होतं. 2020 च्या अँड्रॉईड 11 पासून मात्र फक्त बदललेला भाग वेगळा साठवायची पद्धत आली आणि जागेची उधळपट्टी थांबली.

पुण्याचा धागा

बूट एन्व्हायर्नमेंट हा शब्द रुळवला तो सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या सोलारिस सिस्टीमने. 1982 मध्ये ही कंपनी काढणाऱ्या चौघांपैकी एक विनोद खोसला, जन्म पुण्याचा. ते लवकरच कंपनीतून बाहेर पडले. पुढे सनच्याच इंजिनिअरांनी झेडएफएस नावाची फाईल सिस्टीम लिहिली आणि इथे खरी जादू झाली. झेडएफएस जुन्या माहितीवर लिहीतच नाही. बदल नव्या जागी लिहिते, त्यामुळे जुनी माहिती जपून ठेवता येते. म्हणूनच अख्ख्या सिस्टीमची आठवण, म्हणजे स्नॅपशॉट, क्षणात तयार होते आणि सुरुवातीला जवळपास जागाच खात नाही. सिस्टीम जसजशी बदलत जाते, तसतशीच जागा लागते.

याच स्नॅपशॉटच्या जोरावर 2011 च्या सोलारिस 11 मध्ये तर मोठं अपडेट करताना नवी बूट एन्व्हायर्नमेंट आपोआपच तयार होऊ लागली. त्याच वर्षी ओपनसुसे या लिनक्समध्ये स्नॅपर हे साधन आलं आणि पुढे सिस्टीम सुरू होतानाच्या यादीतून जुना स्नॅपशॉट निवडता येऊ लागला. निक्सओएस या आणखी एका लिनक्समध्ये प्रत्येक बदलाची वेगळी ‘पिढी’ असते. हवी ती पिढी निवडा आणि सुरू करा.

मला सगळ्यात आवडते ती फ्रीबीएसडी या सिस्टीमची सोय. नवी सिस्टीम ‘फक्त एकदाच’ सुरू करून बघ, असं तिथे सांगता येतं. गडबड झाली तर पुढच्या रिस्टार्टला जुनी आपसूक हजर. दूर कुठेतरी ठेवलेल्या सर्व्हरसाठी याहून मोठा दिलासा नाही.

दूर म्हणजे किती? मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीत ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन कॉम्प्युटर आहेत. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘ए’च्या मेमरीत बिघाड झाला, तेव्हा नासाने गाडी ‘बी’वर आणली आणि मोहीम चालू राहिली.

मागे फिरायची वाट नसली तर

19 जुलै 2024. क्राउडस्ट्राईक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. मुंबई विमानतळावर रांगा लागल्या, इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. कंपनीने ते अपडेट 78 मिनिटांत मागे घेतलं, पण बंद पडलेल्या असंख्य मशीनपाशी माणसाला जाऊन हाताने दुरुस्ती करावी लागली.

घरच्या विंडोजला दहाच दिवस

विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे अनेकजण विंडोज 11 कडे वळताहेत. त्यात परत फिरायची सोय आहे, पण मुदत फक्त 10 दिवसांची. जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असते. जागा मोकळी करायच्या नादात तो उडवला, की परतीची वाट बंद!

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: बूट एन्व्हायर्नमेंट म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही सिस्टीम एकाच डिस्कवर असतात. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. शिवाय जुन्या सिस्टीमवर परतलात तरी तुमचे फोटो आणि कागदपत्रं मागे जात नाहीत, ती बहुतेक वेळा वेगळ्या भागात असतात. त्यामुळे वसईतल्या वालीवच्या एखाद्या कारखान्यात नव्या सॉफ्टवेअरने हिशेबाच्या फाईलचा साचाच बदलला, तर जुनी आवृत्ती ती फाईल उघडेलच असं नाही.

तेव्हा पुढचं मोठं अपडेट दाबण्याआधी फोटो आणि हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरवा, लॅपटॉप चार्जिंगला लावा, आणि मागे फिरायची सोय आहे का, हे आधी बघा. सोय असेल तर बिनधास्त अपडेट करा.