उतारावरील पटांगण आणि पाण्याची वाट

डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या माणसाला सपाट जागा आयती मिळत नाही. ती त्याला निर्माण करावी लागते. हिमालयातील कुमाऊं प्रदेशात जुन्या घरांपुढे दगडी फरसबंदीचे अंगण आढळते. तेथील लोक त्याला ‘पटांगण’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. त्यावर जे चपटे दगड बसवितात, त्यांना ‘पटाल’ असे नाव आहे. धान्य वाळविणे, मुलांचे खेळ, घरची मंगलकार्ये ही सारी या जागेवर होतात. परंतु असे अंगण टिकते कशामुळे, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

उतार सपाट करण्याची रीत सोपी आहे. वरच्या अंगाची माती खणून काढावयाची, ती खालच्या अंगाला भरावयाची आणि भराव घसरू नये म्हणून कडेला भिंत घालावयाची. भिंत पुरेशी जाड असली म्हणजे भागले, असा पुष्कळांचा समज असतो. तो अपुरा आहे. भिंतीचा खरा शत्रू माती नसून मातीत अडकलेले पाणी होय.

एक मीटर उंचीची भिंत घेऊ. तिच्या दर मीटर लांबीवर मागील कोरडी माती सुमारे ३०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देते. आता मागे माथ्यापर्यंत पाणी साचले अशी कल्पना करा. पाण्याचा दाब पृष्ठभागी शून्य असून एक मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला १,००० किलोग्रॅम होतो. म्हणजे सरासरी ५००. तेव्हा एकट्या पाण्याचाच रेटा ५०० किलोग्रॅम झाला. भिजलेल्या मातीचा रेटा त्यात मिळविला, तर एकूण भार कोरड्या मातीच्या दुपटीहून अधिक भरतो. भिंतीची उंची दुप्पट केली, तर पाण्याचा रेटा चौपट, म्हणजे २,००० किलोग्रॅम होतो. शिवाय पाण्याने मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सैल होते, ते वेगळेच.

याच कुमाऊंतील नैनिताल येथे १८ सप्टेंबर १८८० रोजी मुसळधार पावसानंतर डोंगराचा कडा खाली आला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथील उतारांवर पाणी वाहून नेणाऱ्या पक्क्या नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. डोंगराला जो नियम लागू, तोच घरापुढच्या अंगणालाही लागू आहे.

म्हणून कामाचा आरंभ पाण्यापासून करावा. घराच्या मागे, वरच्या अंगाला एक चर खणून डोंगरावरून येणारे पाणी दोन्ही बाजूंनी वळवावे. भिंतीचा पाया भरावावर न घालता मूळच्या घट्ट जमिनीत न्यावा. चुना-सिमेंटावाचून रचलेल्या कोरड्या दगडी भिंतीच्या पायाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. तिचा कल डोंगराकडे असावा आणि अधूनमधून आरपार पोहोचणारे लांब दगड घालावेत. अशा भिंतीच्या सांध्यांतून पाणी आपोआप पाझरते. भिंत सिमेंटात बांधली, तर मात्र तिच्यात तळाशी ठराविक अंतरावर भोके ठेवलीच पाहिजेत. दोन्ही प्रकारांत मागे दगडगोट्यांचा व खडीचा थर द्यावा. एक मीटरहून उंच भिंत जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यावाचून घालू नये.

भराव एकदम टाकू नये. सुमारे १५ सेंटिमीटरांचा थर पसरून तो धुम्मसाने ठोकावा, मग दुसरा घालावा. खणलेली बाजू खचत नाही, भरलेली खचते. म्हणून निष्काळजीपणे केलेल्या अंगणात दोहोंच्या सांध्यावरच फरशी तडकते. ठोकलेल्या भरावावर खडीचा थर, त्यावर वाळू आणि वाळूवर फरशी, असा क्रम ठेवावा.

अंगण डोळ्यांना सपाट दिसले, तरी त्याला घरापासून बाहेर ढाळ हवा. साठास एक हे प्रमाण ठीक आहे. तीन मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या साहाय्याने तो सहज मोजता येतो. कडेचे दगड उभे व खोल गाडावेत. ते नसतील तर वाळू वाहून जाते आणि फरशी विलग होते. त्यांचा माथा फरशीहून किंचित वर ठेवून आतल्या अंगाने उथळ पन्हळ काढावी, म्हणजे पाणी भिंतीवरून न कोसळता एका बाजूस जाईल. तेथून ते शेजाऱ्याच्या बांधावर न सोडता नैसर्गिक ओहोळास मिळवावे आणि जेथे ते पडते तेथे दगड अंथरावेत.

काम पुरे झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात भिंतीसमोर, थोडे दूर उभे राहून पाहावे. भोकांतून स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर पाण्याचा निचरा नीट होत आहे. पाणी गढूळ असेल, तर आतली माती वाहून जात आहे असे समजावे. आणि पाऊस पडूनही भोके कोरडी राहिली, तर ती तुंबली नाहीत ना, हे प्रथम तपासावे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी भोके व चर साफ करणे, हे भिंत बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.