उंची खुंटलेले मूल आणि टीएसएचचा चकवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. तीत सातारा-सांगलीकडचे एखादे मूल वयाच्या मानाने बुटके आढळले, की पुढे सहसा टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक, मोजले जाते. थायरॉइड संप्रेरक-रोधात मात्र रक्तात संप्रेरक पुरेसे असूनही पेशींतील ग्राही प्रथिन त्याला दाद देत नाही, म्हणून हा एकटा आकडा फसवा ठरतो. अल्फा व बीटा या ग्राहींपैकी बीटाच्या जनुकात दोष असल्यास टी३, टी४ ही थायरॉइड संप्रेरके वाढूनही टीएसएच दबत नाही. अनेकांना औषध लागतही नाही, पण ग्रंथीचा अतिरेक समजून ती दाबणारे औषध दिले, तर वाढ आणखी खुंटू शकते. २०१२ मध्ये प्रथम वर्णिलेल्या अल्फा ग्राहीच्या दोषात टीएसएच बहुधा सरळच येते. तेथे आखूड हातपाय, चिवट बद्धकोष्ठता आणि क्ष-किरणात मागे दिसणारे हाडांचे वय यांवरून संशय घ्यावा लागतो, खात्री जनुक-चाचणीने होते आणि थायरॉक्सिनने काही अंशी गुण येतो. १९६७ साली संशोधक रेफेटॉफ व सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या, संप्रेरक-रोधाच्या पहिल्या कुटुंबातले आईवडील नात्यातले होते. बीटा दोष बहुधा एकाच पालकाकडून उतरत असला, तरी मामाच्या मुलीशी सोयरीक जुळणाऱ्या या भागात तो तपशील नजरेआड करण्याजोगा नाही.